दुनळीची झीज : नोंदवही, सप्टेंबर २०२५ ते जानेवारी २०२६

२१ सप्टेंबर २०२५, रविवार, सर्वपित्री

पानं वाढून झाली, कावळा शिवला, जेवणं उरकली आणि दुपारी फडताळातून बंदूक काढली. खंडेनवमीच्या आधी आठवडाभर ती बाहेर येतेच. बाबांच्या नावावरचा शेतीसंरक्षणाचा परवाना वारसाहक्कानं माझ्याकडे आला, त्याबरोबर ही बारा बोअरची दुनळीही आली. सव्वातीन किलोचं धूड. आमच्या दोन एकर भाताची, नाचणीची आणि वरच्या अंगाच्या कलमांची राखण तिनं केली.

बिजागरीवर वाकवून उघडली, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी पाहिलं, बोट घालूनही पाहिलं. हे पहिल्यांदा आणि प्रत्येक वेळी. काडतुसं वेगळ्या कुलपात असतात, ती आज काढलीच नाहीत.

यंदाचा पाऊस मे महिन्यातच, २५-२६ तारखेला येऊन थडकला. तेव्हापासून घरात मीठ पाणी सोडतंय, पापडाला बुरशी, पुस्तकांना वास. बंदुकीचं काय झालं असेल या धास्तीनंच कव्हर उसवल्यासारखं ओढून काढलं. पहिलं मनात आलं ते हेच, की ही आता फार पांढरी पडली, म्हणजे लोखंडावरचा काळा थर झिजून खालचं पोलाद दिसायला लागलं. कोल्हापूरला नेऊन सगळी काळी करून आणू. तसं ठरवूनच ही वही सुरू करतोय, म्हणजे काय केलं, कधी केलं, ते लिहिलेलं राहील.

२३ सप्टेंबर, मंगळवार

ऊन पडलं. पडवीत जुनी चादर अंथरून तिन्ही भाग सुटे ठेवले: नळ्या, नळ्यांखालचं लाकूड, दस्ता. उजेडात एकेक इंच बघितला. रात्री बल्बखाली सगळं सारखंच काळं दिसतं, तिरप्या उन्हात खरं दिसतं.

नळ्यांच्या तोंडाशी बोटभर रुंदीचा पट्टा पांढरा. कव्हरात घालता-काढता कॅनव्हास घासतो, तो हा. चापाच्या कमानीला तर काळेपणाचा मागमूस नाही, जुन्या पावलीसारखा रंग झालाय. बंदूक उघडायच्या कळीवर अंगठ्याएवढा चकचकीत ठसा. बिजागरीच्या पोटाशी, जिथं हातात धरल्यावर तोल बसतो, तिथं दोन्ही अंगांना राखाडी. दस्त्याच्या मनगटावरची, म्हणजे मुठीत धरायच्या बारीक भागावरची, चौकडीची नक्षी उजवीकडे जवळजवळ गुळगुळीत, डावीकडे अजून बोटाला टोचते.

आतून मात्र दोन्ही नळ्या आरशासारख्या. खिडकीकडे धरून पाहिलं की प्रकाशाची वलयं एकात एक सरळ दिसतात, कुठं खड्डा नाही, डाग नाही.

यावर बराच वेळ बसून राहिलो. बाबांनी या बंदुकीतून वर्षाकाठी किती बार काढले असतील? हाताच्या बोटांवर मोजावेत इतके, तेही बहुतेक आभाळाकडे, माकडं उठवायला. पण हळवं, लवकर पिकणारं भात पोटरीला आलं की गरवं, उशिराचं कापून होईपर्यंत रात्र रात्र ती त्यांच्या अंगावर असायची. बंदूक बारानं झिजलेली नाही, वागवून झिजली आहे. बाहेरून पांढरी आणि आतून नवी, हे दोन्ही त्यामुळेच.

एक खूण कळेना. डाव्या नळीवर अर्धचंद्रासारखा ओरखडा, चांगला खोल. आईला दाखवला. ती म्हणाली, "पट्ट्याची कडी ती. पहिली दोन-तीन वर्षं पट्टा होता. कडी किणकिणायची आणि डुकरं आधीच पळायची, म्हणून ह्यांनी पट्टा काढून म्हशीच्या दाव्याला लावला. मग कायम उघडी करून कोपरात घ्यायचे." कोपराच्या बेचक्यात उघडी बंदूक घेऊन बांधावरून चालायचं, म्हणजे पाय घसरला तरी बार उडायची भीती नाही. बिजागरीच्या पोटाचा राखाडी रंग कुठून आला तेही यातच कळलं. तिथं बाबांच्या हाताचा घाम लागत होता.

आता गंजाचं. तो वेगळा आणि तो खरा वाईट. नळ्यांच्या खालच्या अंगाला, बरोबर कव्हराची शिवण जिथं टेकते त्या रेषेत, तांबडे ठिपके, मोहरीपेक्षा बारीक. लाकूड काढल्यावर त्याखाली आणखी एक बोटभर पट्टा. हे मी फेब्रुवारीत पाहिलं नव्हतं, कारण लाकूड काढलंच नव्हतं.

ओळखायची रीत लिहून ठेवतो. झिजलेल्या जागेवरून नख फिरवलं तर सरकतं, पांढऱ्या चिंधीला तेल लावून पुसलं तर चिंधी फार तर काळपट होते. गंजावर नख अडतं आणि चिंधी तांबूस येते. आज चिंधी तांबूस आली.

२८ सप्टेंबर, रविवार

भाच्याचा फोन. तो टेक्सासात असतो, तिथं रीतसर घेतलेली सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन आहे त्याच्याकडे, शनिवार-रविवारी मातीच्या तबकड्या उडवायला जातो. मी या कामाला लागलोय कळल्यावर त्यानं त्याच्या बंदुकीचे नऊ फोटो पाठवले. "मामा, दोन वर्षांत बघा कशी झाली. विकताना भाव पडेल हो. काय लावू?"

फोटो मोठे करून बघितले. त्याच्या आणि आमच्या बंदुकीची झीज सारखी नाही, आणि त्यामागचं कारण मला फार आवडलं. दुनळीत बार झाला तरी आत काही हलत नाही, उघडायची, काडतूस घालायचं, मिटायची, सगळं हातानं. त्याच्या बंदुकीत बाराच्या वायूतला थोडा भाग नळीच्या भोकातून खाली येतो, दट्ट्या मागं रेटतो, त्यासरशी बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा तुकडा, मागं जातो, रिकामं काडतूस फेकतो आणि नवं आत ओढतो. प्रत्येक बाराला धातू धातूवर पुढं-मागं धावतो. म्हणून तिची झीज हाताच्या जागी कमी आणि धावेच्या जागी जास्त. बोल्टच्या कडेला लांब चकाकती रेघ. बोल्टची मूठ ज्या खाचेत धावते तिच्या कडांचा काळा रंग उडालेला. पुढचं लाकूड काढलं की काडतुसांच्या नळकांड्यावर, दट्ट्या सरकतो तिथं, कड्यासारखा पट्टा आणि काजळी. खालून काडतूस सारायच्या तोंडाशी पितळेचे पिवळे ओरखडे, ते काडतुसांच्या बुडाचे, चिंधीनं निघतील.

आणखी एक. त्याच्या बंदुकीचा मधला डबा अॅल्युमिनियमचा आहे. त्यावरचा काळा थर म्हणजे अॅनोडायझिंग, विजेनं चढवलेला ऑक्साइडचा थर, आणि नळीवरचा म्हणजे ब्लूइंग, लोखंडावर रसायनानं आणलेला काळा थर. दिसायला एकच काळं, पण जात वेगळी. अॅल्युमिनियमवर लोखंड काळं करायचं रसायन फासलं तर चढत नाही, डाग मात्र पडतो. त्याला सांगितलं, "काही लावू नकोस. रेघ सरळ आणि एकसारखी आहे तोवर ती चालल्याची खूण. एका बाजूलाच खोल जायला लागली, धातूचा कीस निघायला लागला, तर मात्र कारागिराला दाखव." त्यानं विचारलं, "मग तुम्ही तुमची काळी का करताय?"

याला माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

कोयता, कुऱ्हाड, आकडी, विळे, नांगराचा फाळ आणि बंदूक, सगळी ओळीनं पाटावर. हळद-कुंकू, अक्षता, झेंडूची माळ. आईनं निरांजन ओवाळलं. रात्रभर तशीच ठेवायची आपली रीत आहे, ती पाळली.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसऱ्याच्या गडबडीत बंदूक उचलायची राहिली. आज सकाळी माळ काढली तर उजव्या नळीवर कुंकवाच्या बोटाखाली आणि झेंडूच्या देठांखाली ताजा तांबडा गंज. दोन रात्री. तेवढ्यात.

हळदीकुंकू पाण्यात कालवून लावलं होतं. ओलं बोट टेकलं तिथं पाणी धरून राहिलं, वर फुलांचा दमटपणा, आणि तेलाचा हात मी पूजेआधी मुद्दाम पुसून काढला होता, देवाच्या कामाला चिकट नको म्हणून. म्हणजे लोखंड उघडं करून मीच त्याला पाणी पाजलं. मनाला फार लागलं. डाव्या नळीवर कुंकवाच्या जागी जुना फिकट चट्टा आहे, तो मी आजवर झीज समजत होतो. तो बाबांच्या वेळच्या खंडेनवम्यांचा असणार, जागा तीच आहे.

पुढच्या वर्षीपासून हळद-कुंकू दस्त्याला बांधलेल्या आंब्याच्या पानावर लावायचं. आईला विचारलं, ती हो म्हणाली.

५ ऑक्टोबर, रविवार

गंज काढला. पॉलिश पेपर घरात होता, हातात घेतला आणि परत ठेवला. त्यानं गंज जातो, भोवतीचं काळंही जातं, आणि गुळगुळीत पोलादावर चरे पडले की पुढचा गंज त्या चऱ्यातच बसतो.

आजोबांच्या डब्यात भोकाचा पैसा आहे, १९४४ चा. तो ब्राँझचा, म्हणजे पोलादाहून मऊ, पण सुटा गंज खरवडून काढण्याइतका कठीण. डागावर शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब टाकले, अर्धा तास मुरू दिले, मग पैशाची कड आडवी धरून हलक्या हातानं खरवडलं. तेल आधी चहासारखं, मग वीटकरी. पुसायचं, पुन्हा थेंब, पुन्हा पैसा. शिवणीच्या रेषेतले ठिपके चौथ्या फेरीत गेले, खाली टाचणीच्या टोकाएवढे काळे खड्डे उरले. ते जाणार नाहीत. कुंकवाखालचा ताजा गंज पहिल्याच फेरीत निघाला, पण त्या जागेचं ब्लूइंग फिकट झालं ते झालंच. लाकडाखालच्या पट्ट्याला मात्र दुपार गेली. तिथं शेवटी सगळ्यात बारीक, चार शून्याची स्टील वूल तेलात भिजवून वापरली, तीही न दाबता.

नळीवर कोरलेल्या क्रमांकाजवळ काहीच घासलं नाही. तो परवान्यावरच्या आकड्याशी जुळला पाहिजे, आणि घासून पुसट झालेला क्रमांक म्हणजे कायद्यानं मोठी अडचण. मोटरच्या चाकावर पॉलिश मारून चकाचक केलेल्या जुन्या बंदुका मी पाहिल्यात, अक्षरांच्या कडा लोण्यासारख्या वितळलेल्या.

११ नोव्हेंबर, मंगळवार, कोल्हापूर

दिवाळीतही पाऊस होता, म्हणून आता. परवाना सोबत, बंदूक सुटी करून पेटीत, आंबा घाट चढून दुकान उघडायच्या वेळेला पोचलो. हे दुरुस्तीचा परवाना असलेले जुने बंदूकवाले आहेत. शस्त्र कायद्यात दुरुस्तीलाही परवाना लागतो, शेजारच्या लेथवाल्याकडून करून घ्यायची ही गोष्ट नाही.

आजोबांच्या वयाचे कारागीर, हातात घेतली, बिजागरी हलवून पाहिली, कानाशी धरून मिटली. "झोळ नाही. बाकी काय करायचंय?"

मी म्हटलं, काळी.

त्यांनी तासभर समजावलं, ते जमेल तेवढं लिहितो. ब्लूइंग म्हणजे रंग नव्हे. तो लोखंडाचाच एक गंज आहे, काळा. तांबडा गंज सुटा असतो, पापुद्रे पडतात, पाणी आत जातं. काळा घट्ट बसतो. पण थर इतका पातळ की एकटा काही अडवत नाही, तेल धरून ठेवणं एवढंच त्याचं काम. तेल नसलेलं ब्लूइंग कोकणात उघड्या लोखंडासारखंच.

काळं करायच्या मुख्य रीती दोन. एक, कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या उकळत्या द्रावणात बुडवायचं, साधारण १४० अंशांवर. कारखान्यात एकनळीला, रायफलला हेच. पण दुनळीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी बहुधा शिसं-कथलानं झाळून जोडलेल्या असतात, आणि गरम कॉस्टिक तो झाळ खातं. कुणी हौशीनं तसं केलं तर पट्टी सुटते, नाहीतर सोडा पट्टीच्या पोकळीत अडकून वर्षभर आतून गंज ओकत राहतो. म्हणून दुनळीला दुसरी, जुनी रीत. आम्लाचा हात देऊन मुद्दाम तांबडा गंज आणायचा, मग नळ्या उकळत्या पाण्यात धरायच्या, तांबड्याचा काळा होतो. मऊ तारेच्या ब्रशनं सैल भाग झाडायचा. पुन्हा गंज, पुन्हा उकळी. सहा-सात वेळा. आठवडा लागतो, पण काळेपणा खोल येतो.

"करून देतो," ते म्हणाले, "पण आधी सगळं घासून पांढरं करावं लागेल. हे खड्डे जाईपर्यंत घासलं तर धातू जाईल, अक्षरं उथळ होतील. ठेवले तर काळ्यात दिसतीलच. तुमची नळी आतून चांगली आहे. मी असतो तर हात लावला नसता."

बाटलीतल्या थंड ब्लूइंगचंही विचारलं. नळ्यांच्या तोंडाला तेवढं लावता येतं, पण रंग जुन्याशी जुळत नाही आणि चार वेळा कव्हरात गेलं की परत पांढरं. त्यांनी चापाच्या कमानीच्या आतल्या बाजूला नखाएवढं लावून दाखवलं. निळसर, थोडं जांभळं, बाकी बंदुकीशी परकं. मी म्हटलं, राहू द्या.

त्यांनी दस्त्याचे दोन सैल स्क्रू आवळले, बिजागरीला ग्रीस दिलं, पैसे घ्यायला तयार होईनात. घेतले शेवटी.

परत येताना घाटात चहाला थांबलो तेव्हा भाच्याला कळवलं, काळी करत नाही म्हणून.

१६ नोव्हेंबर, रविवार

दस्ता. लाकूड अक्रोडाचं. डाव्या अंगाला लांबट खोक, मांगराच्या, म्हणजे शेतातल्या खोपटाच्या, शिडीवर आपटल्याची. खोक दोन प्रकारची: तंतू दबलेले असतील तर वर येतात, तुटलेले असतील तर नाही. ही दबलेली होती. सुती फडक्याची चौपदरी घडी ओली करून खोकेवर ठेवली आणि वर गरम इस्त्रीचं टोक दोन-दोन सेकंद. वाफ शिरते, दबलेले तंतू फुगतात. पाच वेळा केल्यावर बोट फिरवून शोधावी लागेल इतकी उरली. टाचेकडचा कोपरा तुटलेला आहे, तो तसाच.

मग जवसाचं तेल. खाण्याचा नव्हे, सुताराकडचा उकळवलेला प्रकार, तो लवकर वाळतो. चार थेंब तळहातावर घेऊन हात गरम होईपर्यंत चोळायचं, उरलेलं अर्ध्या तासानं पुसून टाकायचं. जाड थर दिला तर आपल्या हवेत चिकटच राहतो. मनगटावरची झिजलेली नक्षी पुन्हा कोरून घ्या असं सुतारदादा म्हणाला. नको म्हटलं.

तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळा आपोआप पेटू शकतो. खळ्यात दगडाखाली एकेक पसरून वाळवल्या. घरात लाकडी माळा असलेल्यांनी हे विसरू नये.

७ डिसेंबर, रविवार

मुळाला हात घातला. कॅनव्हासचं कव्हर फडताळातून हद्दपार. आतून बनातीचं, दमट हवा धरून ठेवतं, नेण्या-आणण्यापुरतं ठीक. चामड्याचं म्यान तर त्याहून वाईट, कमावताना राहिलेलं आम्ल आणि क्षार त्यात असतात. शिवणीची तांबडी रेषा कुठून आली ते स्पष्टच आहे.

गेल्या वर्षी विधानसभा निवडणुकीच्या वेळी परवान्याच्या बंदुका पोलिसांकडे जमा होत्या, तेव्हा ती याच कव्हरात इतर पंचवीस-तीस बंदुकांच्या ढिगात पडून होती. चापाच्या कमानीला ओळखचिठ्ठी लोखंडी तारेनं बांधलेली. तारेचा वळ अजून आहे. पुढच्या वेळी सुती दोरी आणि मेणकापड आपणच घेऊन जायचं, आणि जमा करण्याआधी तेलाचा जाड हात.

समुद्र आमच्यापासून हाकेवर. निव्वळ मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की पाणी ओढून विरघळतं, पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि ते त्याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेतही ओले राहतात. म्हणून हिवाळ्यात हवा कोरडी वाटली तरी खाऱ्या वाऱ्यानं बसलेला लोखंडावरचा अदृश्य थर ओला असतो. नुसतं तेलावर तेल फासलं तर मीठ तेलाखाली राहतं. आधी पुसून काढायचं, मग तेल.

फडताळ भिंतीला टेकून होतं, बाहेरची भिंत चिऱ्याची, पावसाळ्यात पाझरते. चार बोटं पुढं ओढलं. खाली पाच वॅटचा बल्ब, पावसाळ्यात अखंड चालू ठेवायचा. सिलिका जेलचे निळे दाणे दोन पुरचुंड्यांत. बंदूक उभी, पण नळ्यांची तोंडं खाली, म्हणजे तेल निथळून दस्त्याच्या लाकडात मुरत नाही. बाबा खोबरेल वापरायचे. थंडीत ते थिजतं आणि बिजागरीत साका धरतो, तो काढायला मला एक काडेपेटीभर काड्या लागल्या.

१८ जानेवारी २०२६, रविवार

कलमं मोहरलीत, माकडांचा त्रास सुरू. पंधरा दिवस पहाटे बागेत जातोय, बंदूक उघडी, कोपरात. बार एकही काढला नाही, कुत्र्यांनी काम भागलं.

आज पुन्हा तिरप्या उन्हात पाहिली. पांढऱ्या चिंधीवर काळपट रेघ, तांबूस अजिबात नाही. कुंकवाची जागा कोरडी. शिवणीच्या रेषेतले काळे खड्डे तसेच, वाढलेले नाहीत. नवं एकच दिसलं: बिजागरीच्या पोटाला, बाबांच्या राखाडी पट्ट्याच्या दोन बोटं मागं, काळेपणा जरा विरळ झालाय. माझा हात त्यांच्यापेक्षा आखूड आहे, मी तिथं धरतो.

पुरचुंडीतले दाणे गुलाबी पडले होते. तव्यावर मंद आचेवर भाजून परत निळे केले. पुढची तपासणी होळीच्या आधी, लाकूड काढून.